मत्स्यालयाच्या स्टँडमधली खालची टाकी



आजचा विषय घरगुती आहे आणि थोडासा ओला आहे. दिवाणखान्यातलं मत्स्यालय, म्हणजे आपण ज्याला सरसकट फिशटँक म्हणतो ते, आणि त्याच्या लाकडी स्टँडच्या पोटात बसवायची दुसरी टाकी. इंग्रजीत तिला संप म्हणतात. पण मराठी माणसाला संप म्हटलं की एसटीचा नाहीतर गिरण्यांचा आठवतो, म्हणून मी आज तिला खालची टाकी म्हणणार आहे.

ज्यांचं लहानपण पुण्या-मुंबईच्या सोसायटीत गेलं, त्यांना ही रचना नवी नाही. जमिनीखाली एक टाकी, गच्चीवर एक टाकी, मध्ये मोटर. वॉचमन मोटर बंद करायला विसरला की गच्चीवरून धबधबा. मत्स्यालयात हेच सगळं चार फुटांच्या उंचीत, चोवीस तास चालू असतं. वरच्या टाकीत मासे. तिथलं पाणी कडेच्या एका कप्प्यावरून ओसंडून पाइपाने आपोआप खाली येतं, खालच्या टाकीत गाळलं जातं, आणि एक पंप ते पुन्हा वर ढकलतो. हीटर, गाळणी, स्किमर अशी सगळी बोजड उपकरणं खाली लपतात. एकूण पाणी वाढतं, त्यामुळे खाऱ्या पाण्यातल्या नाजूक माशांना तापमानाचे आणि क्षारांचे झटके कमी बसतात. आणि बाष्पीभवन झालं तरी वरची पातळी हलत नाही, घट फक्त खाली, पंपाच्या कप्प्यात दिसते.

आमच्या मराठी मंडळातल्या तीन-चार घरांनी गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला. मुलांनी निमोसाठी हट्ट धरलाय, टाकी घेतलीय, आता स्टँडमध्ये खालची टाकी केवढी मावेल? टेप घेऊन मोजायला सगळे तयार असतात. मी त्यांना आधी वेगळाच प्रश्न विचारते. घरातली वीज गेली की वरून खाली किती पाणी येईल?

हा प्रश्न आमच्या घरात का महत्त्वाचा आहे ते सांगते. आम्ही न्यू जर्सीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणजे आपल्या हिशेबाने पहिल्या. इमारत लाकडी सांगाड्याची. खाली तान्हं मूल असलेलं एक कुटुंब. उन्हाळ्यात माझ्या सासूबाई सांगलीहून येतात आणि आम्ही दोघं कामावर, मुलगी कँपला, म्हणजे आठ ते सहा त्या घरात एकट्या. वादळात झाड तारेवर पडलं की इथे वीज जाते, हे २०१२ च्या सँडी वादळात न्यू जर्सीतल्या लाखो घरांनी अनुभवलं आहे. तेव्हा टाकी घ्यायच्या आधीच मी एक अट घातली. वीज जावो की येवो, कोणी कशाला हात लावायचा नाही आणि जमीन कोरडी राहायला हवी. अडुसष्ट वर्षांच्या बाईला फोनवरून कुठला कॉक कुठे फिरवायचा हे सांगत बसायची वेळच येता कामा नये. मी सल्लागार म्हणून ज्या कंपन्यांत जाते, तिथे डेटा सेंटर बंद पडलं तर काय, याची जाडजूड फाइल असते. घरी मला फाइल नको होती.

आता पाणी खाली का येतं ते बघू. वासुदेव प्याला कोणी पाहिलाय? कृष्णाच्या पायाला पाणी लागलं की सगळा प्याला तळातून रिकामा होतो, तो. आत वाकडी नळी लपवलेली असते, शाळेच्या पुस्तकात तिला वक्रनलिका म्हणायचे. मत्स्यालयात पंपाचं पाणी वर नेणारा पाइप हीच वक्रनलिका आहे. त्याचं तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली बुडालेलं असतं. पंप थांबला की तोच पाइप उलटा चालतो आणि पाणी खाली ओढतो, तोंड उघडं पडून त्यात हवा शिरेपर्यंत. दुसरीकडे ओसंडण्याच्या कप्प्याच्या कंगव्यासारख्या कडेवरही थोडं पाणी चढलेलं असतं, तेही खाली येतं. शिवाय पाइपांतलं.

आकडे मांडू. आमची वरची टाकी ७५ गॅलनची, इथल्या दुकानांत सर्रास मिळते ती, लांबी ४८ इंच, रुंदी १८. एक अमेरिकन गॅलन म्हणजे २३१ घन इंच, किंवा पावणेचार लिटरच्या जरा वर. ४८ गुणिले १८ भागिले २३१, म्हणजे या टाकीत पातळी एक इंच उतरली की पावणेचार गॅलन पाणी खाली येतं. इंचाला पावणेचार, एवढं लक्षात ठेवा.

पाइपाचं तोंड आणि कंगवा असे ठेवले की पंप बंद पडल्यावर पातळी दीड इंचच उतरेल, तर साडेपाच गॅलन. पाइपांचं एक धरा. साडेसहा गॅलन पाणी खाली जागा मागणार.

आता खालच्या टाकीसाठी बहुतेक जण घेतात ती '२० लाँग', ३० इंच लांब, १२ रुंद आणि फक्त १२ उंच. ठेंगणी असल्यामुळे स्टँडमध्ये सहज जाते, वर हात घालायला ऐसपैस जागा राहते, किंमतही कमी. दिसायला अगदी योग्य. पण चालू असताना तिच्यात आठ इंच पाणी ठेवलं, तर वर उरतात चार इंच. ३० गुणिले १२ च्या टाकीत इंचाला दीड गॅलनच्या किंचित वर बसतं. म्हणजे मोकळी जागा सव्वासहा गॅलन. येणार साडेसहा. उरलेलं लिटरभर खारं पाणी तुमच्या लॅमिनेटच्या फटींतून खालच्या घरच्या छताकडे निघालं.

तेवढ्याच लांबी-रुंदीची पण १८ इंच उंच अशी २९ गॅलनची टाकी मिळते. तिच्यात नऊ इंच पाणी ठेवा. साडेसहा गॅलन आलं की पातळी सव्वाचार इंच वाढते, सव्वातेरापर्यंत जाते. वर पावणेपाच इंच शिल्लक. आम्ही ती घेतली.

पण हीच मोठी टाकी पाइपाचं तोंड चुकलं तर पुरत नाही. शोभेसाठी म्हणा, लाट खोल जावी म्हणून म्हणा, काही लोक ते तोंड वरच्या टाकीत चार इंच खाली सोडतात. चार इंच म्हणजे पंधरा गॅलन, पाइपांचं धरून सोळा. खाली मोकळी जागा चौदा. म्हणून वर जाणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ हवं. खाली वळवायचंच असेल तर पाण्याच्या रेषेखाली लगेच, पाइपाला एक बारीक भोक पाडतात. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि ओढ तुटते. त्या भोकात शेवाळ बसतं, ते दर पंधरवड्याला टूथब्रशने साफ करावं लागतं. मी भोक ठेवलंय, पण हिशोब मात्र ते बुजलेलं आहे असं धरून केलाय. एकदिशा झडप, म्हणजे चेक व्हॉल्व्ह, बसवा असं दुकानदार सांगतो. बसवायला हरकत नाही. पण गोगलगायीचं एक पिल्लू किंवा क्षाराचा एक खडा त्यात अडकला की ती पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे तिच्या जोरावर लहान टाकी घेऊ नका.

याच्या उलट धोकाही तपासायचा. खाली येणारा पाइप तुंबला, पानाने, माशाने, कशानेही, तर? पंपाला ते कळत नाही. तो आपल्या कप्प्यातलं पाणी संपेपर्यंत वर पाठवत राहतो. वॉचमन झोपलाय आणि मोटर चालू आहे, तीच गोष्ट. म्हणून पंपाचा कप्पा मुद्दाम लहान ठेवायचा. आमचा ९ इंच बाय १२ इंच आहे, पंपाला ओढता येईल असं पाणी सात इंच. सव्वातीन गॅलन. ते सगळं वर गेलं तरी वरची पातळी पाऊण ते एक इंच वाढते. वर काठापर्यंत दीड इंच मोकळं ठेवलंय. शिवाय खाली येणारे पाइप दोन आहेत. एक पूर्ण भरून वाहणारा, त्याला गेट व्हॉल्व्ह लावून प्रवाह नेमका करता येतो आणि तो आवाज करत नाही. दुसरा जरा उंचावर, कोरडा, फक्त अडचणीच्या वेळेसाठी. या पद्धतीला हौशी लोक हर्बी म्हणतात. तीन पाइपांचीही एक पद्धत आहे, बीनअ‍ॅनिमल नावाची, ती अधिक निर्धास्त. आमच्या टाकीला तळात भोकं दोनच होती. एक गोष्ट इथेच सांगते. अशा बऱ्याच टाक्यांची तळाची काच टेंपर्ड असते. तिला घरी ड्रिल लावलं तर ती चुरा होऊन हातात येते. भोकं असलेली टाकीच विकत घ्या.

आता स्टँड. पाणी गॅलनला सव्वाआठ पौंडांच्या वर भरतं, तेव्हा काच, वाळू, दगड धरून ७५ गॅलनचं मत्स्यालय साधारण ८५० पौंड, म्हणजे पावणेचारशे किलोच्या पुढे जातं. इमारतीच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी आम्ही आधी घेतली, टाकी जमिनीखालच्या तुळयांना आडवी आणि भार पेलणाऱ्या भिंतीला लागून ठेवली. भाड्याच्या घरात असाल तर करार वाचा, अनेक करारांत टाकीच्या आकाराचं कलम असतं, आणि भाडेकरूच्या विम्यात पाण्याचं काय लिहिलंय तेही बघा.

तयार स्टँडची खोड अशी की समोर दोन दारं असतात आणि मधोमध एक खांब. तीस इंची टाकी त्या वीस-एकवीस इंचांच्या दारातून आत वळत नाही. मग लोक दोनपैकी एक करतात. कोणी करवत घेऊन मधला खांब कापतात. हे करू नका. तो शोभेला नसतो, वरच्या पट्टीला मध्ये वाकू देत नाही. तो काढायचाच असेल तर वरची पट्टी जास्त जाड लाकडाची करावी लागते आणि ते टाकी ठेवण्याआधी, सुताराला विचारून. बाकीचे लोक मोठी टाकी वर चढवण्याआधी खालची टाकी वरून किंवा मागून आत सोडतात. बसते छान. पण पाच वर्षांनी तिची काच तडकली तर? वर पावणेचारशे किलो उभे आहेत. ती बाहेर काढायला अख्खं मत्स्यालय रिकामं करावं लागेल.

आमचा स्टँड माझ्या नवऱ्याने घरी बांधला. हार्डवेअरच्या दुकानात टू-बाय-फोर म्हणून जे लाकूड मिळतं ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं, हे कागदावर आराखडा काढताना लक्षात ठेवायचं. बाहेरून स्टँड साडेअठरा इंच रुंद. दोन्हीकडचे दीड-दीड वजा करून बाजूने साडेपंधरा इंचांचा दरवाजा मिळाला. खालची टाकी कडांसकट साडेबारा इंच. म्हणजे ती समोरून नाही, बाजूने ड्रॉवरसारखी सरकते. बाजूची फळी चार स्क्रूंवर. त्या बाजूला भिंतीपासून तीन फूट जागा रिकामी सोडलीय, तिथे सध्या मुलीचं दप्तर असतं. वजन मात्र चार कोपऱ्यांच्या खांबांवरून सरळ जमिनीत जातं, लाकूड लाकडावर टेकलेलं. भार स्क्रूवर लटकलेला नाही. वरची चौकट पाणसळ लावून तपासली आणि मगच टाकी चढवली.

विकत घ्यायच्या आधी एक स्वस्त उपाय. खालच्या टाकीच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करा आणि तो आत-बाहेर करून बघा. स्किमर घेणार असाल तर त्याच्याही उंचीचा पुठ्ठा करा, आणि वरचा मळीचा कप उचलून काढायला आणखी चार इंच धरा. आमच्या ओळखीच्या एका घरी स्किमर आत बसला, कप निघेना. आता ते दर आठवड्याला अख्खा स्किमर तिरका करून बाहेर काढतात, आणि त्या दिवशी घरात कोणी कोणाशी बोलत नाही.

कप्प्यांबद्दल थोडक्यात. खालच्या टाकीत काचेचे पडदे सिलिकॉनने चिकटवायचे. काचेच्या टाकीत काचच वापरा, अ‍ॅक्रिलिकला सिलिकॉन नीट धरत नाही. सिलिकॉन बुरशीनाशक न घातलेलं हवं. पडदे आतल्या रुंदीपेक्षा थोडे कमी कापून घ्या, सिलिकॉनला जागा लागते. पहिल्या कप्प्यात वरून पाणी येतं, त्या पाइपाचं टोक पाण्यात इंचभरच बुडवा. जास्त बुडवलं तर वीज परत आल्यावर अडकलेली हवा बाहेर पडायला वेळ लागतो आणि प्रवाह सुरू व्हायला कुरकुर करतो. मधल्या कप्प्यात स्किमर आणि हीटर, कारण तिथली पातळी कायम राहते. हीटर पंपाच्या कप्प्यात ठेवला तर पाणी आटल्यावर तो उघडा पडतो आणि तडकतो. मग इंचाइंचावर तीन पडदे, वरून, खालून, वरून असं पाणी नेणारे, म्हणजे बुडबुडे तिथेच राहतात. शेवटी पंप. पंपाचा आकडा खोक्यावर लिहिलेला घेऊ नका, तो शून्य उंचीचा असतो. चार-पाच फूट वर चढवताना प्रवाह किती उरतो याचा आलेख कंपनी देते, तो बघा. वरच्या टाकीतलं पाणी तासाला तीन ते पाच वेळा फिरलं की पुष्कळ झालं.

विजेची पट्टी स्टँडच्या तळाशी कधीही नको, आतल्या बाजूला उंचावर स्क्रूने लावा. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत न जाता खाली ठिबकेल. इथे प्लग जीएफसीआयचा हवा. इंग्लंड किंवा आखातातून आमचं ऐकत असाल तर तुमच्याकडे २३० व्होल्ट आहेत, आरसीडीशिवाय सुरुवातच करू नका. आतून स्टँडला जलरोधक रंग द्या आणि मागची बाजू उघडी ठेवा. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचा स्टँड आतल्या दमटपणानेच फुगतो.

सगळं जोडून झालं की चाचणी. नळाच्या साध्या पाण्यावर, मीठ आणि मासे येण्याआधी. आम्ही ती सासूबाई आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी केली, आणि प्लग त्यांनाच काढायला सांगितला. त्या आधीपासून साशंक होत्या. एवढी टाकी घेतलीत आणि अर्धी रिकामी कशाला ठेवलीत, भरून टाका की. मी त्यांना माझ्या एमबीएच्या भाषेत बफर वगैरे सांगायला लागले. त्यांनी प्लग काढला. पंप थांबला. वरचं पाणी हळूहळू उतरायला लागलं, खालचं चढायला लागलं, नऊ, दहा, अकरा, बारा. आम्ही सगळे स्टँडसमोर मांडी घालून बसलो होतो. सव्वातेराच्या जवळ गुडगुड आवाज झाला, वरच्या पाइपात हवा शिरली आणि पाणी थांबलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे दूध तापवायला मोठं पातेलं घेतात तसं. आधीच सांगायचंस ना."

मग प्लग पुन्हा लावला, काढला, लावला. तीनदा. पंप दर वेळी आपणहून सुरू झाला, आवाज मिनिटभरात बसला. दुसरी चाचणी खाली येणारा मुख्य पाइप हाताने बंद करून. कोरडा पाइप खळखळ करत चालू झाला, आवाजच सांगतो की काहीतरी बिघडलंय. मग दोन्ही पाइप बंद केले. वरची पातळी इंचभर चढली आणि पंप कोरडा घरघरायला लागल्यावर तो लगेच बंद केला.

त्या दिवशी नऊ इंचांवर काचेला बाहेरून लाल टेप लावली. बाष्पीभवनाची भर घालताना शुद्ध गोडं पाणी याच रेषेपर्यंत, वर नाही. क्षार उडून जात नाहीत, फक्त पाणी जातं, म्हणून भर गोड्या पाण्याची. ते काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय, सकाळचा चहा झाला की तांब्याने. पाइपात, पंपात किंवा कंगव्यात काहीही बदललं की चाचणी पुन्हा आणि टेप पुन्हा. मागच्या महिन्यात नवऱ्याने पंपाचं तोंड थोडं वळवलं. तेवढ्याने रेषा अर्धा इंच खाली आली.

वीज दोन-तीन तासांपेक्षा जास्त गेली तर जमिनीचा प्रश्न राहत नाही, माशांच्या श्वासाचा येतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप स्टँडच्या दाराला आतून टांगलाय. वीज गेली की तो आपोआप सुरू होतो, तसाच मुद्दाम बघून घेतला. आणि स्टँडच्या तळाशी एक गळतीचा गजर ठेवलाय, पाणी लागलं की किंचाळणारा, नऊ व्होल्टच्या बॅटरीवरचा. त्याची बॅटरी आम्ही धुराच्या गजराच्या बॅटरीबरोबर बदलतो, वर्षातून दोनदा, घड्याळं पुढे-मागे करायच्या रविवारी.